घट मानता का?

टप् असा आवाज झाला आणि मी पोह्यांची बशी हातात घेऊन दारातच थांबले. माझ्या यजमानांची, मार्तंडरावांची, चष्म्याची डबी आहे, पोलादी, जुनी, पण तिची स्प्रिंग अजून ताठ आहे. समोर बसलेल्या माणसाबद्दल मार्तंडरावांचं मत ठरलं की ते चष्मा काढतात, रुमालाने पुसतात, डबीत ठेवतात आणि डबी मिटतात. त्यानंतरही बोलणं चालू राहतं, बुलढाण्याची हवा पूर्वीसारखी थंड राहिली नाही वगैरे, घ्या ना पोहे वगैरे, पण तो माणूस त्यांच्या लेखी संपलेला असतो. आज समोर रवी बसला होता. माझ्या मुलीने, इराने, ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं आहे तो. पहिल्यांदाच घरी आला होता. इस्त्रीचा शर्ट, घाटाखालच्या उन्हाने रापलेली मान, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसण्याची पद्धत, जशी परक्या घरात आपलीही असते. त्याला डबीचं काय माहीत? तो आपला चहा फुंकत होता. इराला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पडली की रडायचं की नाही हे ठरवण्याआधी ती माझ्याकडे जशी पाहायची, तसंच ते पाहणं होतं. आणि मी काय केलं, तर बशी पुढे केली आणि म्हणाले, लिंबू पिळू का वर?

मार्तंडरावांनी विचारलं होतं इतकंच, "तुमच्या गावात अखजीला घट मांडतात म्हणे. तुम्ही मानता का?" आणि रवी म्हणाला, "नाही काका. पण जातो." जाता? "आजोबाले घिऊन जातो. त्याईले दिसत नाही आता. कोणतं धान्य कुठं सरकलं ते मी सांगतो, अर्थ ते लावतात." म्हणजे तुम्ही त्यात सामील आहात. "हाव, तसं म्हणा." टप्. इराने त्याला येतानाच बजावलं होतं, हे मला नंतर कळलं. बाबा एकच प्रश्न विचारतील, नुसतं नाही म्हण आणि गप्प बस. किती सोपं होतं! त्याने नाही म्हटलं आणि गप्प मात्र बसला नाही, कारण उरलेलं अर्धं लपवणं त्याच्या जिवाला पटलं नसेल. जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करतो तो, दिवसभर लोकांचं रक्त तपासतो आणि जे दिसतं ते लिहितो. सत्याचा एवढा गाजावाजा ज्या घरात, त्या घरात एक माणूस येऊन सरळ खरं बोलला, आणि त्याच्यावरच डबी मिटली. मी पोह्यांवर लिंबू पिळत होते आणि फोड कोरडी झाली तरी पिळतच होते. मला राग आला होता, आणि इतक्या वर्षांनी आल्यामुळे तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

घट म्हणजे काय ते घाटाखालच्या कोणालाही सांगायला नको. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात गोल आखतात. कडेने गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी धान्यं मांडतात. मध्ये खड्डा, खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, पुरी. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन बघतात, कोणते दाणे जागचे हलले, कोणतं ढेकूळ जास्त भिजलं, त्यावरून साल कसं जाईल ते सांगतात. भेंडवळची मांडणी मोठी, ती पेपरात येते. रवीच्या गावची म्हणजे तिची धाकटी बहीण, आसपासच्या चार गावांपुरती. दाणे उंदरांनी हलतात, मुंग्यांनी हलतात, वाऱ्याने हलतात, हे मला शाळेत असताना कळलं होतं, आणि त्यासाठी मला कोणत्याही मंडळात जावं लागलं नव्हतं.

पण हा प्रश्न मार्तंडरावांनी काढला तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता, हेही खरं. माझे सासरे पाहुणा ओट्यावर आला की पाणी देण्याआधी आडनाव विचारायचे, आडनावावरून भागलं नाही तर गाव, आणि गावावरूनही नाही भागलं तर सरळच, कोणत्यांपैकी? संघपाल नावाचा यांचा कॉलेजातला मित्र. त्याला ओट्यावर चहा मिळायचा आणि त्याची कपबशी चुलीमागच्या कोनाड्यात वेगळी राहायची. एक दिवस मार्तंडरावांनी ती कपबशी अंगणात आपटून फोडली आणि बापाला सांगितलं, या घरात पुन्हा हा प्रश्न विचारायचा नाही. मी नवी नवरी होते, मेहकरहून आलेली, डोक्यावरचा पदर अजून सवयीचा झाला नव्हता. त्या फुटलेल्या बशीचे तुकडे मी गोळा केले आणि गोळा करताना मनात म्हटलं, बाई, तुला माणूस चांगला मिळाला. मग सासरे गेले, घरात अंधश्रद्धेविरुद्धचं रविवारचं मंडळ सुरू झालं, लोक येऊ लागले, बोलू लागले. आणि कोण आपला, कोण नाही, हे कळायला काहीतरी हवं असं यांना वाटू लागलं. जात विचारायची नाही, पैसा विचारायचा नाही, मग एकच विचारू या. घट मानता का? त्यात सगळं येतं, असं ते म्हणायचे, माणसाची अख्खी बुद्धी त्यात दिसते. संघपाल त्या वेळी मोठ्यांदा हसला होता. "मार्तंड, प्रश्न बदलला बे, दार तेच राह्यलं." सगळे हसले, हेही हसले. पुढे संघपालचं येणं कमी कमी होत गेलं. त्याची बदली झाली म्हणून, असं आम्ही सगळ्यांना सांगत राहिलो.

या दाराने कोणाकोणाला बाहेर ठेवलं, ते मी स्वयंपाकघरातून पाहत आले आहे. शाळेतल्या एका शिक्षिकेला, जी कोणाच्याही अडीनडीला सगळ्यात आधी धावायची, कारण ती म्हणाली, "मानत नाही, पण वडील मांडायचे, म्हणून मला हसवत नाही." टप्. एका वकिलाला, जो गरिबांचे खटले फुकट चालवायचा, कारण तो म्हणाला, "त्यात काय एवढं?" टप्. आणि आत कोणाला घेतलं? शंकररावांना. शंकरराव पहिल्याच दिवशी छाती काढून म्हणाले, थोतांड आहे, असल्या घागरी लाथेने उडवल्या पाहिजेत. मार्तंडरावांनी त्यांच्यासाठी दुसरा चहा मागवला. शंकररावांची बायको विमलबाई आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून. एकदा उन्हाळ्यात ती माझ्याकडे पापड लाटायला आली आणि तिला लाटणं धरता येईना. मनगट सुजून निळं पडलं होतं. नळावर घसरले, म्हणाली. मी हळद लावली. पुढच्या वेळी गालावर होतं, तेव्हा तिने नळाचंही नाव घेतलं नाही. मी मार्तंडरावांना सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे, वाईट वाटल्यासारखं तोंड करायचे आणि म्हणायचे, "तो त्यांचा घरचा मामला आहे, स्नेहल. माणूस रागीट असेल, पण भूमिका स्वच्छ आहे." भूमिका! बाईचं मनगट मोडलं तरी चालेल, घागर मात्र मोडली पाहिजे. इतकी वर्षं त्या माणसाला मी चहा दिला आहे, कपाच्या कानाशी त्याचीच बोटं, तीच बोटं, आणि चहा देताना मी माझी बोटं त्याला लागू नयेत म्हणून बशी टेबलावर ठेवून मागे सरते. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मलाच कोणी कधी काही विचारलं नाही. मी घट मानते की नाही, हासुद्धा प्रश्न मला या घरात कधी कोणी केला नाही, कारण माझं उत्तर ह्यांच्याच उत्तरात धरलेलं होतं, पोह्यात मीठ धरावं तसं.

रवी गेल्यावर इरा बापासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच मला धास्ती वाटली. "बाबा, लग्नाची नोटीस दिलेली आहे. पुढच्या आठवड्यात सह्या. तीन साक्षीदार लागतात. दोन आहेत. तिसरी जागा तुमची." आता हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर सांगते, या गावात घरच्यांचा विरोध पत्करून ज्यांनी ज्यांनी नोंदणी लग्न केलं, त्यांतल्या कितीतरी जोडप्यांच्या कागदावर माझ्या नवऱ्याची सही आहे. कोणाचीही पोर रडत आली तरी हे पेन खिशाला लावून निघायचे. त्या पोरांची मुलं आज यांच्या पाया पडायला येतात. आणि आज स्वतःच्या पोरीला ते म्हणाले, "जातीचा प्रश्न असता तर मी पहिला आलो असतो. पण ज्या माणसाची वैचारिक बैठकच नाही, त्याच्या कागदावर माझी सही कशी येईल?" इरा म्हणाली, "तो मानत नाही, बाबा." "पण जातो." "आंधळ्या माणसाला हात धरून नेतो!" "आज आजोबा आहे. उद्या तुझ्या मुलाला नेईल." इरा आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "दुसरा कोणी तिसरा साक्षीदार मी घेणार नाही. तुम्ही आला नाहीत तर त्या दिवशी परत फिरेन, आणि मग ते तुमच्यामुळे असेल." मला माझी मुलगी माहीत आहे. ती परत फिरेल, लग्न करणार नाही, आणि आयुष्यभर याच घरात बापाला वेळेवर औषध देत राहील आणि त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. हट्ट तिने बापाकडूनच घेतला आहे, दुसरं कुठून घेणार?

रवीच्या गावी जायचं म्हणून मी मोताळ्याची एसटी धरली. कुठे चाललीस, असं यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, बघायला. राजूर घाट उतरताना कान बंद होतात आणि मग अंगावर एकदम ऊन येतं, दुसऱ्याच कोणत्या प्रांतात आल्यासारखं. खिडकीची सळई तापली होती. मला वाटत होतं, तिकडे कोणी मोकळं माणूस भेटेल, आजोबा म्हणतील, बाई, आपल्याला काय त्याचं, पोरं सुखी तर सगळे सुखी. मी असंच काही मनाशी रचत गेले, आणि त्या रचण्यात माझा राग थोडा निवला होता. रवीचे आजोबा, दयाराम, ओसरीत बाजेवर बसले होते. डोळ्यांत बुबुळं पांढरी, पण मान ताठ. मी कोण ते कळल्यावर त्यांनी पाणी दिलं का विचारलं, प्रवास विचारला आणि मग म्हणाले, "तुमच्या घरी घट मानतात का नाही?"

मी चमकलेच. तोच प्रश्न, शब्दाला शब्द, फक्त घाटाखालून. मी म्हणाले, "नाही." "अन् तुमी?" जन्मात पहिल्यांदा मला हे कोणी विचारलं. खोटं बोलायला मी आले नव्हते. रवी आमच्या घरी खोटं बोलला नव्हता, त्याच्या घरी मी का बोलू? "नाही मानत, बाबा." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. डबी नव्हती, पण आवाज मला ऐकू आला. "मंग नाई जमणार. ज्याले घट नाई त्याची पोरगी मायाच्यानं घरात घेतल्या जाणार नाई. माये डोये गेले, पन मले अजून पाऊस दिसते. तुमच्या पोरीले काय दिसते?" मी म्हणाले, तिला तुमचा नातू दिसतो. त्यांनी आत आवाज दिला, "केसर, बाईले वाढ. सोयरिक अलग, जेवन अलग." मी जेवले. कढी होती, भाकर होती, आणि वाढणारी रवीची आई केसरबाई माझ्या ताटाकडेच बघत होती, चेहऱ्याकडे नाही. मला सोडायला ती फाट्यापर्यंत आली. बस दिसली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "इहीनबाई, मायी काईच ना नाई. पोरगी सोन्यासारखी हाय. पन मले कोन पुसते?" तिने मला इहीनबाई म्हटलं, विहीणबाई. दोन्ही घरांत ज्या शब्दाला कोणी जागा दिली नव्हती, तो तिने एसटीच्या धुरळ्यात उभं राहून मला दिला आणि पदराने तोंड पुसत मागे फिरली.

घाट चढताना मात्र माझा राग असा उसळला की शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का हो तुम्हाला? बरं होतं मला, फार बरं होतं. एक म्हातारा वर बसून विचारतो, मानता का, आणि हो म्हटलं की दार लावतो. दुसरा म्हातारा खाली बसून विचारतो, मानता का, आणि नाही म्हटलं की दार लावतो. दोघांचं एकमेकांशी हाडवैर, आणि दोघं एकाच बाजेवर बसलेले! दोघांना वाटतं, माणूस म्हणजे एक घागर आहे, हलली की नाही एवढं बघितलं की झालं. मधल्या मध्ये माझी मुलगी. मधल्या मध्ये केसरबाई, विमलबाई, मी. आमचं उत्तर कोणाला हवंच नाही. बरं, प्रश्न तरी असे विचारा ना, की रात्री बायको झोपेत दचकते का? की घरात आंधळं माणूस असेल तर त्याला कोण धरून नेतं? पण ते विचारलं तर फार दारं लावावी लागतील, आणि कदाचित पहिलं स्वतःचंच. मला फुटलेली कपबशी आठवली. ते तुकडे गोळा करताना माझं बोट कापलं होतं. बारीक खूण अजून आहे. त्या तरुण माणसावर माझा जीव होता, आणि तो माणूस कुठे गेला म्हणून मला बसमध्ये रडू आलं, तेही रागानेच.

मग रविवार आला. मंडळ जमलं. इरा आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं. मी चहा घेऊन बाहेर गेले तर शंकरराव बोलत होते, "सर, खरी कसोटी घरातच लागते. दुसरा असता तर पोरीसाठी विरघळला असता. तुम्ही ठाम राहिलात. ह्याला म्हणतात निष्ठा." दोघंचौघं माना हलवत होते. मार्तंडराव खाली बघत होते, चेहरा ओढलेला, रात्री झोप न आल्यासारखा. मला क्षणभर त्यांची दया आली, आणि शंकररावांनी कपाकडे हात पुढे केला तेव्हा ती गेली. मी ट्रे मागे घेतला. त्यांचा हात तसाच राहिला. मी ट्रे जमिनीवर ठेवला आणि नवऱ्याच्या समोरच्या खुर्चीत बसले, त्या खुर्चीत, जिथे रवी बसला होता. या खुर्चीत मी मंडळ भरलेलं असताना कधी बसले नव्हते.

"मला विचारा," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"तेच. सगळ्यांना विचारता ते."

"स्नेहल, हे काय चाललंय? चहा दे त्यांना."

"विचारा ना अहो. या घरात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलंत. मीही बाहेरूनच आले आहे, मेहकरहून. मला विचारायचं राहून गेलं."

शंकरराव हसले. "वहिनींना काय विचारायचं? वहिनी आपल्याच."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "विमलचं मनगट कसं सुजलं ते मी या लोकांसमोर सांगायचं नसेल तर गप्प बसा." खोलीत कोणाची तरी खुर्ची करकरली. शंकररावांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला. मार्तंडराव माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच बघावं तसे.

"घट मानतेस का?" ते म्हणाले. आवाज फार हळू होता.

"हो," मी म्हणाले. "मानते."

"तू मानत नाहीस. मला माहीत आहे."

"कसं माहीत? विचारलंत कधी? मानते मी. दाणे सरकतात, पाऊस पडतो, सगळं मानते. आता सांगा. तुमच्या आजारपणात उशाशी बसले ती मीच. तुमच्या आईचं अंथरूण बदललं ती मीच. त्या दिवशी तुम्ही बशी फोडलीत आणि तुकडे उचलताना जिचं बोट कापलं तीही मीच. हे सगळं एका बाजूला, आणि हे एक उत्तर एका बाजूला. ठरवा."

आतल्या खोलीचं दार कधी उघडलं होतं कळलं नाही, इरा चौकटीला धरून उभी होती.

मार्तंडरावांचा हात सवयीने वर गेला. त्यांनी चष्मा काढला. रुमाल काढला, काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे मला नेहमी उघडे पडल्यासारखे वाटतात. आज ते भरले होते. चष्मा त्यांनी डबीत ठेवला आणि अंगठा झाकणावर ठेवला. त्यांना पुढे काय करायचं असतं ते त्यांच्या हाताला पाठ आहे.

"मिटा," मी म्हणाले. "मिटा ना. मी इथेच बसले आहे."

अंगठा झाकणावर तसाच राहिला.